बेकारीची पोच

राई, मुर्धा, मोर्वा ही भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाताना लागणारी गावं. मिरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून या पट्ट्यात भातशेती होती, मासेमारी होती आणि मिठागरं होती. मिठागरातल्या कामाची एक गोष्ट इथे आठवावीशी वाटते. पाऊस लागला की काम थांबायचं. कोणाचं काम थांबलं, कोणत्या तारखेला थांबलं, स्वतःहून थांबलं की कोणी थांबवलं, याचा दाखला कोणी कोणाकडे मागत नसे. आभाळ सगळ्यांच्या डोक्यावर एकच होतं. भत्ता तेव्हाही नव्हता, हे खरंच. पण बेकारी ही चारचौघांना दिसणारी घटना होती. आज याच गावातल्या माणसाचं काम भाईंदर पूर्वेच्या एखाद्या गाळ्यात असतं. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तो प्रेसवर असेल, पॉलिशला असेल किंवा पॅकिंगला. ते काम जातं एका वाक्यात: ‘उद्यापासून येऊ नको.’ हे वाक्य दोन-चार जण ऐकतात, पण कागदावर ते कुठेच उतरत नाही. बेकारी भत्ता उशिरा का मिळतो, या प्रश्नाचं उत्तर लोक सरकारी कार्यालयाच्या खिडकीत शोधतात. माझ्या मते त्या उशिराची सुरुवात खिडकीपाशी होतच नाही, ती कागदावर न उतरलेल्या या वाक्यापाशी होते.

मुळात आपल्याकडे बेकारी भत्ता असतो हेच पुष्कळांच्या गावी नसतं. पगाराच्या चिठ्ठीवर ‘ईएसआयसी’ नावाची एक छोटी कपात दिसते. ती दवाखान्यासाठी असते एवढं कामगाराला ठाऊक असतं. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची ही वर्गणी जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के अशी घेतली जाते. जानेवारी २०१७ मध्ये पगाराची मर्यादा २१,००० रुपये ठरली. त्या मर्यादेत बसणारे कामगार या विम्याखाली येतात. याच महामंडळाने १ जुलै २०१८ पासून ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ प्रायोगिक म्हणून सुरू केली. नोकरी गेली, तर आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी रोजच्या कमाईचा चौथा हिस्सा द्यायचा, अशी ती होती. ऑगस्ट २०२०मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत कारखाने ओस पडले असताना, हा हिस्सा वाढवून निम्म्यावर नेला आणि नियमही सैल केले. त्याआधी २००५ पासून ‘राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना’ होतीच. तिच्यात पहिलं वर्ष निम्मा आणि दुसरं वर्ष पाव पगार मिळतो. पण कारखाना बंद पडला, रीतसर कामगारकपात झाली किंवा कामाशी संबंध नसलेल्या कारणाने किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं, तरच. ‘रीतसर’ या शब्दातच गोम आहे.

आता भत्त्याचा हिशेब मांडू. महिना १५,००० रुपये पगार धरला, तर दिवसाचे ५०० होतात, त्याचे निम्मे २५० आणि ९० दिवसांचे साडेबावीस हजार. रक्कम मोठी नाही, पण घरभाडं, किराणा आणि मुलाची फी तीन महिने कशीबशी रेटायला पुरते. मात्र ती त्या तीन महिन्यांतच हातात पडली तर. हेच साडेबावीस हजार सहा महिन्यांनी आले, तर तोवर त्या माणसाने सोनं गहाण टाकलेलं असतं, महिन्याला तीन-चार टक्के व्याजाने पैसे उसने घेतलेले असतात, किंवा हाती लागेल ते कमी पैशांचं काम पत्करलेलं असतं. उशिरा आलेलं पेन्शन हे थकलेलं पेन्शन असतं. ते मिळालं की बहुतेक नुकसान भरून निघतं. बेकारी भत्त्याचं तसं नाही. माणसाला पडेल त्या मजुरीवर लगेच राबावं लागू नये, चार दिवस नीट काम शोधता यावं, एवढ्याचसाठी तो असतो. उशीर झाला की त्याचं प्रयोजन संपतं, उरते फक्त रक्कम. म्हणून ‘मिळाले ना शेवटी?’ हा सरकारी कामात नेहमी ऐकू येणारा दिलासा इथे अगदीच गैरलागू आहे. २०२० पूर्वीचा नियम पाहिला तर हा विचार योजनाकर्त्यांनीही केला नव्हता, असंच म्हणावं लागतं: भत्ता देय होण्यासाठी आधी ९० दिवस बेकार असणं आवश्यक होतं. भुकेल्याला जेवणाचं आमंत्रण तीन महिन्यांनंतरचं! ती मुदत पुढे ३० दिवसांवर आणली, हे चांगलं झालं. पण ३० दिवस हा नियमातला उशीर आहे, आणि प्रत्यक्षातला त्याच्यापुढे सुरू होतो.

तो कुठे सुरू होतो हे पाहायचं तर एका एक्सेल शीटकडे जवळून बघावं लागेल. मालकाने दर महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. त्यासाठी महामंडळाच्या पोर्टलवर एक तक्ता चढवावा लागतो. त्यात कामगाराचा आयपी (विमाधारक) नंबर, नाव, कामाचे दिवस, एकूण पगार असे रकाने असतात. ज्याचे दिवस शून्य, त्याच्यासाठी आणखी एक रकाना असतो, कारणाचा. त्यात शब्द लिहायचे नसतात, फक्त आकडा टाकायचा. १ म्हणजे रजेवर, २ म्हणजे ‘लेफ्ट सर्व्हिस’, नोकरी सोडली. ३ निवृत्त, ८ काम तात्पुरतं स्थगित, ९ संप किंवा टाळेबंदी, १० कामगारकपात, ११ काम नाही. काहीच सांगायचं नसेल तर ०. शेजारी शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीख. हा तक्ता छोट्या गाळ्याचा मालक सहसा स्वतः भरत नाही. महिन्याला ठरावीक फी घेऊन वीस-पंचवीस कंपन्यांचं पीएफ आणि ईएसआयसीचं काम पाहणारा एक कन्सल्टंट असतो, आणि त्याच्याकडचा मुलगा मागच्या महिन्याची फाइल उघडून त्यात फेरफार करतो. ज्याला आयुष्यात एकदाच मिळणारा भत्ता घ्यायचा आहे, त्याच्या बेकारीची पहिली सरकारी नोंद ही अशी होते: एक आकडा, आणि तोही ज्याने माणसाला काम करताना कधी पाहिलेलं नाही त्याच्या हातून. त्याने ० टाकला तर माणूस कुठेच नाही. १ टाकला तर तो रजेवर आहे. आणि सवयीने २ टाकला, तर त्याने नोकरी सोडली की त्याला काढलं, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

आणि भत्त्याच्या दृष्टीने सगळा फरक तिथेच आहे. स्वेच्छेने काम सोडलेल्याला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला, शिस्तभंगाच्या कारवाईत बडतर्फ झालेल्याला हा भत्ता नाही. अशी अट असावी की नाही यावर वाद घालता येईल, पण ती अनाठायी नाही. विमा हा न टाळता येणाऱ्या संकटाचा असतो. अडचण ही की ‘स्वेच्छेने’ आणि ‘नाइलाजाने’ यांतली रेघ ज्या कागदावर असायला हवी, तो कागद छोट्या उद्योगात जन्मालाच येत नाही. काढल्याचं पत्र द्यायचं म्हणजे नुकसानभरपाई आली, ग्रॅच्युइटीचा प्रश्न आला, कामगार आयुक्तांकडे तक्रारीची शक्यता आली. त्यापेक्षा तोंडी सांगितलेलं बरं. काही ठिकाणी तर हिशेबाचे पैसे देताना राजीनाम्यावर सही घेतात, आणि पैसे हातात पडावेत म्हणून कामगार ती करतो. म्हणजे बेकारीचा पुरावा ज्याच्याकडे आहे, त्यालाच तो न देण्यात फायदा आहे. व्यवस्था अशी असली, तर शाखा कार्यालयातला कर्मचारी कितीही तत्पर असो, दावा रेंगाळणारच. शंका आली की तो शेवटच्या मालकाकडे विचारणा करणार, आणि मालकाला उत्तर देण्याची घाई नसणार.

एक आकडा इथे बोलका आहे. केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार, योजना सुरू झाल्यापासून मार्च २०२१पर्यंत सुमारे ४३ हजार जणांना मिळून सुमारे ५७ कोटी रुपये देण्यात आले. या काळात देशभरात तीन कोटींहून अधिक लोक विमाधारक होते, आणि त्याच काळात टाळेबंदीचं वर्षही येऊन गेलं. इतकी थोडी माणसं पोहोचण्याचं कारण केवळ पुराव्याची अडचण होती असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. योजनेची माहिती नसणं, दोन वर्षांच्या विमापात्र नोकरीची आणि किमान ७८ दिवसांच्या वर्गणीची अट, शहर सोडून गावी गेलेली माणसं, ही कारणंही होती. तरी एवढं नक्की म्हणता येतं की, खिडकीपर्यंत पोहोचलेल्यांच्या रांगेपेक्षा न पोहोचलेल्यांची रांग फार लांब होती, आणि ती कोणत्याही ‘प्रलंबित दावे’ या सदरात मोजली गेली नाही. विलंबाची आपली सरकारी मोजणीच अर्ज दाखल झाल्यापासून सुरू होते. त्याआधी गेलेले महिने कोणाच्याच वहीत नसतात.

मुंबईकरांना हे नवीन वाटू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर जे झालं ते याच धाटणीचं होतं. कापड गिरण्या कायमच्या बंद पडल्याने उघड्यावर आलेल्या कामगारांसाठी केंद्राने १५ सप्टेंबर १९८६ पासून एक पुनर्वसन निधी योजना आणली. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५ टक्के. कागदावर ती आजच्या भत्त्यापेक्षा कितीतरी उदार दिसते. पण अट होती गिरणी कायमची बंद झाल्याची, आणि मोठा कारखाना कायदेशीरपणे बंद करायला सरकारची परवानगी लागायची. ती मागण्यात मालकाला रस नसे, देण्यात सरकारला. त्यामुळे फाटकाला कुलूप, भोंगा मुका, यंत्रांवर गंज, आणि कागदावर गिरणी जिवंत! जिवंत गिरणीचा कामगार बेकार कसा ठरणार? परळ-लालबागच्या चाळींत जे कळायला पाच मिनिटं पुरत होती, ते सरकारदरबारी सिद्ध व्हायला वर्षं लागत. ही हकिगत जुनी म्हणून सोडून देता आली असती. पण भाईंदरच्या गाळ्यातला ‘रजेवर’ असलेला कामगार आणि जिवंत गिरणीतला बेकार कामगार, या दोघांचं दुखणं एकच आहे.

महाराष्ट्राने या दुखण्यावर एक औषधही शोधलं होतं, तेही शहरात नव्हे, खेड्यात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मागेल त्याला काम, आणि १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. तो भत्ता दिवसाला किमान एक रुपया होता, म्हणजे नावापुरताच. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तो पहिले ३० दिवस मजुरीच्या पाव आणि पुढे निम्मा केला. त्यातली खरी हुशारी रकमेत नव्हती. ‘तू बेकार आहेस हे सिद्ध कर’ असं हा कायदा म्हणत नव्हता. मजुराने काम मागितलं, त्याला तारीख घातलेली पोच मिळाली, की सोळाव्या दिवशी काम दिल्याचं सिद्ध करणं सरकारचं काम. पुराव्याचं ओझं एका पोचेने या खांद्यावरून त्या खांद्यावर जात होतं. प्रत्यक्षात काय झालं हे ग्रामीण भागात काम केलेल्या कोणालाही विचारा: पोच देण्याचंच टाळलं गेलं. भत्त्याचा खर्च राज्यावर पडणार म्हटल्यावर मागणीअर्ज तोंडी घेणं, तारीख न घालणं, काम निघाल्यावर त्याच दिवशीची मागणी दाखवणं, या सगळ्या युक्त्या आल्या. कोणी म्हणेल, म्हणजे औषध फसलं. मला उलट वाटतं. पोच टाळण्यासाठी यंत्रणेने इतकी खटपट केली, यावरूनच त्या कागदात किती ताकद होती ते दिसतं.

केलेल्या कामाची मजुरी उशिरा मिळाल्यास भरपाईचीही तरतूद त्याच केंद्रीय कायद्यात होती: हजेरीपट बंद झाल्याच्या सोळाव्या दिवसापासून, थकलेल्या रकमेवर दिवसाला ०.०५ टक्के. ही भरपाई मोजताना राज्याच्या टप्प्यातला विलंब धरायचा आणि केंद्राकडून पैसे खात्यात जाईपर्यंतचा सोडून द्यायचा, असा प्रकार चालू होता. मे २०१८ मध्ये स्वराज अभियानाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. मजुराच्या दृष्टीने उशीर एकच असतो, त्याचे टप्पे पाडण्याची सोय फक्त सरकारला असते.

शहरी विमाधारकाला मात्र उशिराची किंमत मागण्याचा असा कोणताही धागा नाही, आणि त्याचं कारण कायद्याच्या रचनेत आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या ४६व्या कलमात लाभांची यादी होती: आजारपण, प्रसूती, अपंगत्व, अवलंबितांचा लाभ, वैद्यकीय उपचार, अंत्यसंस्काराचा खर्च. बेकारी या यादीत नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही यादी तशीच आली आहे. जे लाभ यादीत आहेत त्यांना नियमांनी मुदती आहेत. आजारपणाचा लाभ सात दिवसांत द्यायचा असतो. बेकारी भत्ता हा हक्क म्हणून नव्हे, योजना म्हणून येतो, आणि योजनेची मुदत वेळोवेळी वाढवावी लागते. सप्टेंबर २०२०मध्ये तेव्हाचे केंद्रीय कामगारमंत्री संतोष गंगवार यांनी दावे १५ दिवसांत निकाली काढू असं सांगितलं होतं. चांगलं सांगितलं. पण मंत्र्याचं आश्वासन आणि नियमातली मुदत यांत फरक असतो. मुदत मोडली तर जाब विचारता येतो. आश्वासन मोडलं तर फक्त आठवण करून देता येते.

शेजारचंच खातं पाहा. भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीएफ, त्याच केंद्रीय कामगार मंत्रालयाखाली चालतो. त्याच्या १९५२ च्या योजनेतल्या ७२व्या परिच्छेदात असं म्हटलं आहे की, सर्व बाजूंनी पूर्ण असलेला दावा २० दिवसांत निकाली काढायचा. त्रुटी असेल तर तीही २० दिवसांतच लेखी कळवायची. आणि सबळ कारणाशिवाय उशीर झाला तर वार्षिक १२ टक्के दंडव्याज लावता येईल, जे आयुक्तांच्या पगारातून कापता येईल. हे कलम रोज वापरलं जातं असं नाही, आणि ‘पूर्ण असलेला दावा’ या शब्दांआड बराच वेळ लपवता येतो. तरी किमान तत्त्व तरी मान्य आहे: उशिराला किंमत असते आणि ती ज्याने उशीर केला त्याने मोजायची. पुराव्याच्या बाबतीतही पीएफ पुढे गेला. जानेवारी २०२० पासून नोकरी सोडल्याची तारीख, शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की, सभासद स्वतः ऑनलाइन नोंदवू शकतो. मालकाच्या पाया पडावं लागत नाही. एप्रिल २०२५मध्ये दाव्यासोबत चेकचा फोटो जोडण्याची अट गेली आणि बँक खातं जोडायला मालकाची मंजुरी लागणंही थांबलं. आगाऊ रकमेचे पाच लाखांपर्यंतचे दावे तर आता माणसाचा हात न लागता तीन दिवसांत मंजूर होऊ शकतात. तेव्हा ‘आपल्याकडे इतक्या मोठ्या संख्येला वेळ लागणारच’ हा युक्तिवाद त्याच मंत्रालयाच्या दुसऱ्या खात्याने खोटा पाडला आहे. पीएफचे पैसे सभासदाचे स्वतःचे असतात आणि भत्ता सामाईक निधीतून जातो, हा फरक मला मान्य आहे. त्यामुळे तपासणी थोडी जास्त हवी. पण जास्त म्हणजे अमर्याद नव्हे.

भत्त्याच्या बाजूनेही पाऊल पडलेलं आहे, ते नाकारू नये. सुरुवातीला दावा शेवटच्या मालकामार्फतच पाठवावा लागे. ज्याने काढलं त्याच्याच शिफारशीने! ऑगस्ट २०२०मध्ये ही अट काढली आणि कामगाराला थेट शाखा कार्यालयात जाता येऊ लागलं. नोटरीसमोर करायच्या प्रतिज्ञापत्राची सक्तीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुटली. दोन्ही वेळा आभाळ कोसळलं नाही. मग पुढचं पाऊल का नको? मालकाने वर्गणी भरायचं थांबवलं, हे महामंडळाला दुसऱ्या कोणाच्याही आधी कळतं. आयपी नंबर आधारशी जोडलेला असतो. त्याच माणसाची वर्गणी दुसऱ्या कारखान्यातून सुरू झाली तर तेही त्याच पडद्यावर दिसतं. दोन महिने वर्गणी कुठूनच आली नाही, एवढं पुरेसं मानून भत्ता सुरू करावा आणि आक्षेप असेल तर मालकाने १५ दिवसांत लेखी घ्यावा. गप्प बसला तर ती संमती समजावी. अमेरिकेत हा मुद्दा १९७१ सालीच न्यायालयात निकालात निघाला. कॅलिफोर्नियात, कामगार पात्र ठरल्यावरही मालकाने अपील केलं की भत्ता आपोआप थांबवत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘जावा’ खटल्यात हे बेकायदा ठरवलं: भत्ता ‘देय होताच’ द्यायचा आहे, आणि देय होण्याची वेळ म्हणजे बेकारीच्या सुरुवातीची, अपिलं संपल्यानंतरची नव्हे. तिथे पहिले हप्ते १४ किंवा २१ दिवसांत किती टक्के लोकांना मिळाले हे राज्याराज्यांचं मोजलं जातं, आणि किमान ८७ टक्के हा निकष आहे. कोविडच्या काळात तो निकष तिथे धुळीला मिळाला, हेही खरं. पण निकष होता म्हणूनच तो मोडल्याचं कळलं. ब्रिटनमध्ये ‘युनिव्हर्सल क्रेडिट’चा पहिला हप्ता यायला पाच आठवडे लागतात आणि मध्ये हवी तर उचल मिळते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापून घेतात. श्रीमंत देशाचं म्हणून सगळंच उचलावं असं नाही; हे उचल देऊन भागवण्याचं धोरण तर आपण मुळीच घेऊ नये. कर्जाचीच भर होते.

सर्वांत जोरदार आक्षेप अर्थात गैरफायद्याचा. आधी पैसे दिले तर लोक दुसरीकडे रोखीने काम करतील आणि भत्ताही उचलतील. करतील, काही जण नक्की करतील. रोखीचं काम कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. प्रश्न एवढाच की त्या काहींना अडवण्यासाठी बाकी सगळ्यांना किती महिने ताटकळत ठेवायचं. भत्ता आयुष्यात एकदाच, ९० दिवसच, आणि निम्म्या मजुरीइतकाच असल्याने एका माणसाने केलेल्या लबाडीला मुळातच कुंपण आहे. चुकीने दिलेला लाभ परत वसूल करण्याचा अधिकार १९४८ च्या कायद्याच्या ७०व्या कलमाने दिला, खोट्या निवेदनाला ८४व्या कलमात सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. उलट बाजूचं ६८वं कलम फारसं कोणी उद्धृत करत नाही: मालकाने वर्गणी बुडवल्यामुळे कामगाराचा लाभ हुकला, तर महामंडळ तो लाभ कामगाराला देऊ शकत होतं आणि पैसे मालकाकडून वसूल करू शकत होतं. म्हणजे मालकाच्या चुकीची झळ कामगाराला बसू नये हे तत्त्व १९४८ पासूनच आपल्या कायद्यात बसलेलं आहे. वर्गणी न भरणं ही चूक आणि कारणाच्या रकान्यात भलताच आकडा टाकणं ही चूक, यांत तत्त्वतः फरक काय?

गाळ्याच्या मालकाचीही बाजू आहे. त्याची स्वतःची उधारी तीन-तीन महिने अडकलेली असते, ऑर्डर कधी थांबेल याचा नेम नसतो, आणि काढल्याचं पत्र लिहिलं की आपण नसत्या लफड्यात सापडू ही त्याची भीती अगदीच निराधार नसते. म्हणूनच मालकाच्या चांगुलपणावर भत्ता अवलंबून ठेवू नये असं मी म्हणतो. वेतन संहितेने काढलेल्या कामगाराचे सगळे पैसे दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करायला सांगितलं आहे. औद्योगिक संबंध संहितेने कपात झालेल्याच्या खात्यात ४५ दिवसांत १५ दिवसांचा पगार जमा करायचा पुनर्कौशल्य निधी सांगितला आहे. दोन्ही ठीक. पण दोन्हीकडे काढल्याची नोंद झाली तरच घड्याळ सुरू होतं.

खिडकीनंतरचा उशीरही असतो, त्याबद्दल थोडक्यात. तो बहुधा नावात आणि खात्यात अडकतो. ईएसआयसीत माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, एकीकडे वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे आडनाव आधी, जन्मतारखेत एका वर्षाचा फरक. मुंबई परिसरात पगाराची कितीतरी खाती देना बँकेत होती. ती बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि तिचे जुने आयएफएससी कोड १ मार्च २०२१ पासून चालेनासे झाले; जुना कोड नोंदीत राहिला की मंजूर पैसेही परत फिरतात. हे सगळं नोकरी चालू असतानाच दुरुस्त करून घ्यावं, कारण तेव्हा कंपनीतला माणूस फोन तरी उचलतो. नोकरी गेली की शेवटच्या तीन-चार पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचा फोटो आणि सुपरवायझरचा ‘येऊ नको’ म्हणणारा व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवावा. तोंडी वाक्याचा तेवढाच लेखी अवशेष उरतो. दावा दाखल केल्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. उत्तर आलं नाही तर केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार करता येते, तिच्यासाठी २०२४ पासून २१ दिवसांची मुदत आहे. माहितीच्या अधिकारात ३० दिवसांत दाव्याची सद्यस्थिती मागता येते. महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा मात्र इथे कामाचा नाही, कारण महामंडळ केंद्राचं. दावा नाकारलाच तर कर्मचारी विमा न्यायालयाचं दार आहे. पण साडेबावीस हजारांसाठी कोर्टाची पायरी किती जण चढतील, हे सांगायला नको.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त दुरुस्ती त्या रकान्यातच होऊ शकते. २ या आकड्याचे दोन आकडे करायचे, एक ‘सोडलं’ आणि एक ‘काढलं’. आणि मालकाच्या कन्सल्टंटने कोणताही आकडा टाकला की त्याच संध्याकाळी तो कामगाराच्या मोबाइलवर मराठीत यावा: तुमच्या नावापुढे असं असं लिहिलं गेलं आहे, शेवटचा दिवस अमुक तारीख, हे बरोबर नसेल तर इतक्या दिवसांत कळवा. पगार जमा झाल्याचा, गॅस सिलिंडर निघाल्याचा, वीजबिल भरल्याचा संदेश राईतल्या घरात येतोच. नोकरी गेल्याचाही यावा. त्यावर तारीख असेल.